प्रकृतीच्या कारणास्तव

पाळक : नाही. ही ओळ जाणार नाही.

सेक्रेटरी : पाळकसाहेब, आधी पूर्ण वाचून तरी घ्या.

पाळक : दोनदा वाचलंय. पाळक व्हायच्या आधी सहा वर्षं छापखान्यात प्रूफं तपासत होतो मी, मला वाचायला शिकवू नकोस. पहिल्या परिच्छेदात तीन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. दुसऱ्यात ‘अविरत’ दोनदा आलंय, एक काढलं. आणि ही ओळ. ‘त्यानंतरची तीन वर्षे प्रकृतीच्या कारणास्तव त्यांच्या सेवेत खंड पडला.’ ही उडवली.

सेक्रेटरी : लाल पेन्सिलीनं उडवलीत म्हणजे प्रेसवाला ती गाळूनच टाकेल.

पाळक : त्यासाठीच उडवली.

सेक्रेटरी : मग लोक विचारतील, ती तीन वर्षं कुठे गेली?

पाळक : विचारू देत की. कोणीतरी विचारावं म्हणून मी किती वर्षं वाट बघतोय.

बाई : अहो, त्याला बसू तरी द्या. आल्यापासून उभा आहे बिचारा. त्या खोक्यावर बस रे. खुर्च्या सकाळीच टेंपोत गेल्या. त्याच्यावर नको, त्यात कपबश्या आहेत. शेजारच्यावर. त्यात यांचे उपदेश आहेत, दबले तरी चालतील.

सेक्रेटरी : बसायला वेळ नाही, बाई. मला फक्त सही हवीय. आज शुक्रवार. परवा तुमच्या निरोपाच्या उपासनेत मानपत्र वाचायचं, आणि सहीशिवाय प्रेसवाला छापत नाही. आपल्या मंडळीची पद्धतच आहे ना, ज्याचं मानपत्र त्यानंच प्रूफ तपासून सही करायची.

बाई : पद्धत यांनीच पाडलीय ती. आधीच्या पाळकांच्या मानपत्रात त्यांच्या बायकोच्या जागी मेहुणीचं नाव छापलं होतं. भर उपासनेत वाचलं गेलं.

पाळक : आणि मेहुणी उठून उभी राहिली. टाळ्याही मिळाल्या तिला.

सेक्रेटरी : म्हणूनच म्हणतो, सही करा. बाकी सगळं चांगलं लिहिलंय. मी स्वतः लिहिलंय.

पाळक : ते कळलं. ‘बालपणापासूनच त्यांना ईश्वरी पाचारण लाभले होते.’ बालपणी मला फक्त नदीचं पाचारण होतं. शाळा बुडवून पोहायला जायचो. तेही खोडलंय बघ.

सेक्रेटरी : मग पाचारण झालं कधी?

पाळक : स्मशानात. छापखान्यातला एक म्हातारा जुळारी वारला. पाळक यायचे होते, ते आलेच नाहीत. खड्डा खणून तयार, माणसं उन्हात उभी. फोरमन मला म्हणाला, तू दिवसभर वाचतोस, वाच काहीतरी. हातात पुस्तक नव्हतं. मी म्हटलं, हा माणूस चाळीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं जुळवत होता, एकदाही त्याचं नाव कशावर छापलं नाही. देवा, तू तरी लिहून ठेव. एवढंच बोललो. त्याची बायको मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली.

बाई : आणि तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी सोयरीक मोडायची भाषा सुरू केली. मीच हट्टाला पेटले. म्हटलं, लग्न करीन तर याच वेड्याशी.

सेक्रेटरी : हे सगळं छान आहे. हे घालू आपण. पण ती ओळ राहू द्या.

पाळक : का?

सेक्रेटरी : कमिटीचं म्हणणं असं पडलं, की...

पाळक : कमिटीचं पुरे. तुझं काय म्हणणं आहे?

सेक्रेटरी : परवाच नव्या हॉलचं उद्घाटन आहे. लाँड्रीचे धाकटे मालक येतायत, सहकुटुंब, पहिल्या रांगेत. हॉलला मोठ्या मालकांचं नाव दिलंय. अशा दिवशी जुनं उकरून काय मिळणार? लोक विसरलेत, पाळकसाहेब.

पाळक : चार बायका मेल्या त्या लाँड्रीत. इस्त्रीखात्यातल्या. बॉयलर फुटला आणि भिंतीसकट वाफ आत आली. चौघींना मी पुरलंय. शवपेटी उघडायची नाही असं त्यांच्या घरच्यांना मीच सांगितलं. पुढच्या रविवारी उपदेशाला पुलपिटावर उभा राहिलो आणि मोठ्या मालकाकडे बोट करून म्हणालो, हे अपघातानं झालेलं नाही, यानं केलंय. तेव्हाही तो पहिल्याच रांगेत बसला होता. बुधवारी कमिटीनं मला काढलं. तीन वर्षं. आणि तू लिहितोस, प्रकृतीच्या कारणास्तव! मला त्या तीन वर्षांत साधी सर्दी झाली नाही.

बाई : झाली होती. लाँड्रीच्या गेटावर पावसात उभे राहायचे ना.

पाळक : बरं, सर्दी झाली. पण सर्दीतही बोललो. पाळी सुटायची तेव्हा गेटासमोर उभा राहायचो. दिवसा पुन्हा छापखान्यात प्रूफं आणि संध्याकाळी गेट. बायका थांबायच्या, हातांना सोड्याचा वास, बोटं पांढरी पडलेली. पाच मिनिटं ऐकायच्या आणि घरी पळायच्या. असं ऐकणारं माणूस मला पुन्हा कधी भेटलं नाही. माझ्या एकेचाळीस वर्षांतली ती तीन वर्षं खरी, आणि तुम्ही त्यालाच खंड म्हणता!

सेक्रेटरी : आवाज नका चढवू. मला त्या दिवसाबद्दल बोलायचंच नाही. आमच्या घरात तो विषय निघत नाही.

बाई : ठाऊक आहे आम्हाला.

सेक्रेटरी : ठाऊक आहे तर मग माझ्यापुढे का काढता? बॉयलरवर माझा बाप होता. माझा बाप झोपला म्हणून चार बायका गेल्या. चौकशीत तसं लिहिलंय, शिक्क्यासकट. शाळेत पोरं मला बघून डोळे मिटून घोरायची. मी बारा वर्षांचा होतो. आई घराबाहेर पडेना, चर्चला तर नाहीच. बाप सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला आणि गेला. ते नाव धुऊन काढायला मी इथे झाडू मारण्यापासून सुरुवात केली. मोठ्या मालकांनी स्वतः बोलावून लाँड्रीच्या ऑफिसात घेतलं. आज मी या मंडळीचा सेक्रेटरी आहे. आणि तुम्हाला जाता जाता सगळं पुन्हा चव्हाट्यावर मांडायचंय!

पाळक : तुझा बाप झोपला नव्हता.

सेक्रेटरी : राहू द्या हो. मला बरं वाटावं म्हणून नका बोलू.

पाळक : तो झोपला नव्हता. व्हॉल्व्ह अडकत होता. वाफ जास्त झाली की तो आपोआप उघडायला हवा, तो उघडत नव्हता. तुझ्या बापानं मालकाला तीन अर्ज दिले होते, बॉयलर बंद ठेवा म्हणून.

सेक्रेटरी : माझ्या बापाला लिहिता येत नव्हतं.

पाळक : म्हणून मी लिहिले. आमच्या स्वयंपाकघरात बसून. तो सांगायचा, मी लिहायचो, खाली तो अंगठा उठवायचा. तिसऱ्या अर्जाला म्हणाला, पाळकसाहेब, जरा कडक लिहा, साध्या भाषेनं हलत नाहीत ते. कडक लिहिला. अकराव्या दिवशी बॉयलर फुटला.

सेक्रेटरी : मग चौकशीत का नाही आलं हे?

पाळक : अर्ज कुठे सापडले नाहीत. मालक म्हणाला, असं काही आलंच नाही. उरला साक्षीदार एकच.

सेक्रेटरी : तुम्ही.

पाळक : मी.

सेक्रेटरी : थांबा. मला हे आज काढायचं नव्हतं. कमिटीनं माझ्याबरोबर दिलंय, तुम्ही फारच अडून बसलात तर दाखवायला म्हणून. हे तुमचं पत्र. जुन्या फाइलीत होतं. मी फक्त पहिली ओळ वाचली आणि घडी घातली. ‘माझी प्रकृती त्या काळात ठीक नव्हती.’ खाली तुमची सही. मग मी मानपत्रात खोटं काय लिहिलं? तुमचंच तर लिहिलं.

बाई : पुढच्या ओळी वाच.

सेक्रेटरी : कशाला?

बाई : वाच म्हणते ना. अक्षर माझं आहे. सांगितलं यांनी, लिहिलं मी.

(सेक्रेटरी पत्र उघडतो. सगळं मनात वाचतो, मग दोन ओळी मोठ्यानं.)

सेक्रेटरी : ‘मी पुलपिटावरून जे बोललो ते तापाच्या भरात बोललो. बॉयलरविषयीच्या कोणत्याही अर्जाबद्दल मला काही ठाऊक नाही.’

पाळक : हो.

सेक्रेटरी : तारीख... चौकशीच्या निकालाच्या आदल्या महिन्यातली.

पाळक : हो. त्यांनी ते चौकशीत लावलं. पुढच्याच रविवारी मला पुलपिट परत मिळालं.

सेक्रेटरी : पुलपिटासाठी? माझा बाप तुम्ही पुलपिटासाठी विकलात?

बाई : पुलपिटासाठी नाही. शिव्या द्यायच्या तर मलाही दे, पण नेमक्या कारणासाठी दे. आमची मुलगी आठ वर्षांची होती. मणक्याचा क्षय. चर्चच्या हॉस्पिटलात खाट फक्त मंडळीच्या नोकरांच्या घरच्यांना, आणि हे नोकर नव्हते. दुसरीकडे कुठेही जागा नव्हती. पोर पाठीवर झोपू शकत नव्हती, मी तिला मांडीवर पालथी घालून बसायचे. कमिटीचा माणूस आला, म्हणाला, दोन ओळी लिहून द्या, उद्या खाट मिळेल. हे नाही म्हणाले. दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी कागद मी आणला.

पाळक : पण सही माझी आहे. तिच्यावर नको घालू.

बाई : मी घेतेय की माझ्यावर! तुम्ही कोण मला अडवणार? सगळा मोठेपणा तुम्ही घेतलात, आता पापही एकट्यानंच घेणार?

सेक्रेटरी : तुमची मुलगी जगली.

बाई : जगली. दोन मुलांची आई आहे.

सेक्रेटरी : आणि माझा बाप भिंतीकडे तोंड करून मेला.

बाई : हो.

सेक्रेटरी : नुसतं हो?

बाई : मग काय म्हणू? तसं करायला नको होतं म्हणू? तुझ्यापुढे खोटं बोलणार नाही मी. तो कागद पुन्हा समोर आला तर मी पुन्हा लिहीन, आणि पुन्हा सव्वीस वर्षं झोपणार नाही. दोन्ही खरं आहे.

सेक्रेटरी : आणि तुम्ही? माझं लग्न तुम्ही लावलंत. माझ्या मुलाला बाप्तिस्मा दिलात. दर रविवारी माझ्या खांद्यावर हात ठेवत होतात. तुम्हाला एकदाही...

पाळक : भ्यायलो. दुसरं काही नाही. साधा भित्रा माणूस झालो मी. निकालानंतर तुझा बाप एकदाच इथे आला होता. मला वाटलं, मारेल. मारायलाच हवं होतं. दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘पोर कशी आहे?’ मी म्हटलं, बरी आहे. ‘बरं झालं,’ म्हणाला आणि गेला.

सेक्रेटरी : त्याला माहीत होतं?

पाळक : सगळं.

सेक्रेटरी : घरी बोलला नाही कधी.

पाळक : त्यानंतर मी सव्वीस वर्षं बोलतोय. लग्नात, मयतीत, तुरुंगात, शाळेत. दहा आज्ञांवर उपदेश करायचो तेव्हा आठवीवरून थेट दहावीवर जायचो. तू माझ्या वर्गात होतास ना, आठवून बघ.

सेक्रेटरी : नववीच्या वेळी घंटा झाली म्हणालात. आम्हाला वाटलं, विसरलात. पोरं तुम्हाला नऊ आज्ञांचे पाळक म्हणायची.

पाळक : कळत होतं मला. खोट्या साक्षीची आज्ञा माझ्या तोंडून निघत नव्हती. परवा निघणार. माझा शेवटचा उपदेश तिच्यावर आहे. अर्जांचं सांगणार, व्हॉल्व्हचं सांगणार, मालकाचं सांगणार, आणि या पत्राचं सांगणार. सगळ्यात आधी पत्राचं.

सेक्रेटरी : कमिटीनं तुम्हाला उपदेश दिलेलाच नाही. आभाराचं भाषण आहे, पंधरा मिनिटं. उपदेश बाहेरून येणारे पाहुणे करणार.

पाळक : मग आभार मानायला उभा राहीन आणि हे बोलेन.

सेक्रेटरी : ध्वनिक्षेपक बंद करतील.

पाळक : लाँड्रीच्या गेटावर कुठे होता ध्वनिक्षेपक?

सेक्रेटरी : हाताला धरून खाली उतरवतील तुम्हाला. भर मंडळीत. एकेचाळीस वर्षांची सेवा, आणि शेवट असा करून घेणार?

पाळक : उतरवू देत. मग दारात उभा राहून बोलेन. घरी जायचं तर सगळ्यांना माझ्यासमोरूनच जावं लागेल. बहात्तर वर्षांचा झालो, आता मला काय करतील? हे घर सोडतोच आहे. खोकी बांधून तयार आहेत. पुलपिट ठेवा म्हणावं तुमच्याकडे, मानपत्रही ठेवा. पण आजारी होतो असं माझ्या तोंडावर वाचून दाखवलंत, तर तिथल्या तिथे उठून सांगेन की मी धडधाकट होतो आणि खोटं बोललो.

सेक्रेटरी : धाकटे मालक उठून जातील.

पाळक : जाऊ देत.

सेक्रेटरी : तुम्हाला म्हणायला सोपं आहे! सोमवारी त्यांच्या ऑफिसात मला जायचंय.

बाई : म्हणून तर तुझ्याकडे काही मागत नाही आम्ही. तू हे प्रूफ घेऊन जा, कमिटीला सांग, म्हातारा हट्टाला पेटलाय, ऐकत नाही. तुझ्यावर काही यायला नको. पुढचं हे बघतील.

सेक्रेटरी : मोठ्या मालकांनी मला बोलावून नोकरी दिली होती. मला वाटायचं, केवढं मन आहे या माणसाचं, माझ्या बापानं एवढं केलं तरी.

पाळक : हं.

सेक्रेटरी : दर वर्षी मी त्यांचे पाय धरायचो.

बाई : पाणी देऊ का रे तुला?

सेक्रेटरी : नको. ते अर्ज... शब्द आठवतात तुम्हाला?

पाळक : तिन्ही अर्ज. स्वल्पविरामासकट. तिसरा सांगू? ‘मी खाली अंगठा उठविणारा, आपल्या लाँड्रीतील बॉयलरवर अकरा वर्षे काम करीत आहे. व्हॉल्व्ह अडकतो हे मी दोनदा कळविले. इस्त्रीखात्यात चौदा बाया काम करतात. त्यांचे बरेवाईट झाल्यास त्यास मी जबाबदार राहणार नाही, आपण राहाल.’

सेक्रेटरी : ‘आपण राहाल’ हे माझ्या बापानं सांगितलं?

पाळक : त्यानंच. मी म्हटलं, जरा जास्त होतंय. तो म्हणाला, असू द्या.

सेक्रेटरी : असू द्या.

पाळक : असंच म्हणाला.

सेक्रेटरी : कार्यक्रमपत्रक अजून छापायला गेलेलं नाही. ते माझ्याकडेच आहे.

पाळक : बरं मग?

सेक्रेटरी : पंधरा मिनिटांत होईल का तुमचं?

पाळक : नाही होणार.

सेक्रेटरी : किती लागतील?

बाई : यांना विचारू नकोस. चाळीस धर.

सेक्रेटरी : पाहुण्यांना आज कळवतो की त्यांचा उपदेश पुढच्या रविवारी. धाकट्या मालकांची मुलगी पेटी वाजवणार होती, तेही काढतो.

बाई : बिचारी तीन आठवडे सराव करतेय.

सेक्रेटरी : आम्ही सगळे ऐकतोय ना तो सराव. कोणी रडणार नाही.

पाळक : अरे, कमिटी तुला सोडणार नाही. नीट विचार कर.

सेक्रेटरी : विचार करत बसलो तर होणार नाही माझ्याच्यानं. तुम्ही सही करा. ओळ उडवलीय, ती उडालेलीच राहू द्या. तिथे नुसतं लिहा, ‘या तीन वर्षांविषयी पाळक स्वतः बोलतील.’

पाळक : लिहितो. हे बघ, समासात लिहिलं. ही सही.

सेक्रेटरी : आणि मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका.

पाळक : नाही समजत.

सेक्रेटरी : बाई, तुम्हालाही.

बाई : नको करूस. मी माफी मागितलीही नाही.

सेक्रेटरी : पहिल्या रांगेत धाकट्या मालकांच्या शेजारी एक खुर्ची राखून ठेवतो. आईसाठी.

पाळक : ती येईल? सव्वीस वर्षांत चर्चच्या दारात आली नाही.

सेक्रेटरी : आणतो मी. पण तिला हल्ली ऐकू कमी येतं, पाळकसाहेब. जरा मोठ्यानं बोला.